रिपीट नसलेला अजगर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या अंगावर धावून यायला नको. अजगर पाळायला कायद्याने बंदी आहे. तेव्हाही होती. पण १९९६ साली सुरतेत आमच्यासारख्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असावं अशा शेठलोकांनी तिकडे कानाडोळा केला होता. पुढे तीन वर्षांनी आम्ही स्वतःच तो अजगर वनखात्याच्या ताब्यात दिला. तर तो विषय संपला. मला सांगायचंय माझ्या बायकोबद्दल, सुंदराबद्दल. आता अजगराशिवाय तिची गोष्ट सांगताच येत नाही, त्याला मी काय करू?

माझं नाव उखा. पारोळ्याकडचा. माझ्याआधीची दोन भावंडं गेली म्हणून जन्मल्यावर मला उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं हा कचराच आहे, नको न्यायला. नाव कामाला आलं, मी जगलो. ब्याऐंशी साली सुरतेला आलो आणि गोडादऱ्याजवळ एका खात्यात लागलो. पॉवरलूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम, बारा तासांची पाळी, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हाताने खुणा करायच्या. चौदा वर्षं मी तो खडखडाट ऐकला. आधी उजवा कान गेला, मग डावा निम्मा. जाड आवाज समजायचे, बारीक आवाज हरवले. पाखरं गेली, सायकलची घंटी गेली, आणि माझ्या सोनालीचं बोलणं गेलं. पोरगी दहा वर्षांची, आवाज बारीक. ती शाळेतलं काही सांगायला लागली की मी नुसती मान हलवायचो. एक दिवस ती आईला म्हणाली, पप्पांना सांगून काही उपयोग नाही, ते खोटंखोटं ऐकतात. हे सुंदराने मला मोठ्या आवाजात सांगितलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

डॉक्टरने बजावलं होतं, लूम सोडा, नाहीतर उरलेला कानही जाईल. सोडून करायचं काय, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

सुंदरा कामाला होती पांडेसऱ्याकडे एका प्रिंट मिलमध्ये, फोल्डिंगला. छापून आलेल्या साड्यांचा ताका, म्हणजे न कापलेलं लांबच लांब कापड, तिरप्या टेबलावरून सरकत जायचा, मागे ट्यूबलाइट, आणि हिने पुढे उभं राहून खोट शोधायची. कुठे रंग उडाला, कुठे डाग पडला, कुठे स्क्रीन हलला आणि फूल पानावर चढलं. सापडलं की खडूची खूण. आठ वर्षं हेच. डोळ्यांना ती सवय इतकी लागली की बाई रस्त्यानेही सरळ चालत नसे. समोरून कुणी बाई आली की हिची नजर आधी पदरावर. माझ्या मामेभावाच्या लग्नात नवरीला बघून ही मला कोपराने ढोसून म्हणाली, शालूचं रिपीट चुकलंय. मी म्हटलं, बाई, नवरीचं तोंड बघ ना.

रिपीट म्हणजे काय, ते सांगतो. छापाची नक्षी काही ताक्याभर नवी नसते. हातभर जागेत जी फुलं येतात तीच पुढे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ते जिथून परत सुरू होतं त्याला मिलमध्ये रिपीट म्हणतात. चांगल्या चेकरला ते न शोधता दिसतं. सुंदराला दिसायचं. घरी मात्र आम्ही ते कौशल्य वगैरे समजत नव्हतो. बायकांचं उभं राहायचं काम, एवढीच आमच्या घरात त्याची किंमत होती, आणि हे म्हणणारा सगळ्यांत पुढे मी होतो.

कारण घरात हुशार माणूस म्हणजे मी. माझा बाप गावात साप धरायचा. कुणाच्या घरात निघाला की बापाला बोलावणं, आणि बाप त्याला बोरी नदीपलीकडे सोडून यायचा. मीही लहानपणापासून धरले. सुरतेतही गोडादरा, लिंबायत, कुठे साप निघाला की लोक म्हणायचे, उखाला बोलवा. एरवी खात्यात मला कोण विचारत होतं? पण हातात काठी आणि पोतं आलं की गल्ली बाजूला व्हायची. मला ते फार आवडायचं, आता लपवून काय करू.

असंच चौऱ्याण्णवच्या शेवटी ललितभाई शेठच्या फार्मवरून बोलावणं आलं. शेठची रिंग रोडच्या मार्केटमध्ये कापडाची पेढी, आणि बारडोली रस्त्याला कडोदऱ्याच्या पुढे फार्म. सगळीकडे ऊस. तोडीच्या वेळी सरीत अजगर निघाला होता, सात-आठ फुटांचा, आणि मजूर कोयते घेऊन उभे. मी गेलो, धरला, पोत्यात भरला. शेठची मुलगी प्रिया, आठ वर्षांची, ती तिथेच उभी. म्हणाली, नका नेऊ, मला हवा. मला वाटलं शेठ तिला एक फटका देईल. शेठने सुताराला बोलावून जाळीची खोली बांधून घेतली.

तेव्हापासून दर रविवारी मी फार्मवर जाऊ लागलो. अजगराची खोली धुवायची, पाणी बदलायचं, पंधरा दिवसांनी उंदीर द्यायचा. वेटोळं करून बसायचा म्हणून प्रियाने त्याचं नाव लाडू ठेवलं. माझ्यासमोर ती त्याला मांडीवर घ्यायची, गळ्यात घ्यायची, आणि शेठाणी लांबून देवाचं नाव घेत बसायची. लाडू स्वभावाने गरीब. माझ्याबरोबर सुंदराही यायची, कारण खोली धुवायला दुसरा माणूस लागायचा आणि दुसरा माणूस फुकट कुठे मिळतो? ती भीतीने अर्धी व्हायची. सुरतेतल्या प्लेगचं साल नुकतंच सरलेलं, त्यात मी पिंजऱ्यातून जिवंत उंदीर न्यायचो, म्हणजे तिच्या तोंडाचा पट्टा बसच्या थांब्यापासून सुरू व्हायचा तो फार्मचं फाटक येईपर्यंत.

पण खोलीत शिरली की गप्प. एका हातात झाडू, पाठ भिंतीला, आणि डोळे लाडूवर. मी एकदा विचारलं, एवढं काय बघतेस त्याच्याकडे? म्हणाली, घाबरू नये म्हणून रिपीट शोधते. मी हसलो. ती म्हणाली, हसू नका, वर्ष झालं, सापडत नाही. एक ठिपका तुटका, पुढचा लांबडा, मग दोन जोडलेले, मग भलताच. इतका लांब ताका आणि एकदाही रिपीट नाही. असा छाप कुणी काढला असता तर मास्टरने हाकलला असता. मी ते सगळ्या खात्यात सांगितलं, खुणांनी, आणि लोक पोट धरून हसले.

आता मुख्य गोष्ट. पंचाण्णवच्या दिवाळीत ललितभाईंनी मुंबईला कुणा दोस्ताकडे पिवळाधम्मक अजगर पाहिला. परदेशातून आणलेला. तिथून परतले ते डोक्यात भुंगा घेऊनच. मला म्हणाले, उखाभाई, आपला लाडू चांगला आहे, पण साधा आहे, असा तर कुणाच्याही उसात निघतो. मला वेगळा हवा. ज्याच्यासारखा दुसरा नाही असा शोध. पैसे मी देतो. आणि मग म्हणाले ते महत्त्वाचं. म्हणाले, दोन झाले की रविवारचं काम पुरणार नाही. तू लूम सोड, बायको-पोरांना घेऊन इथेच ये. मागची खोली घे, हातपंप आहे, पपईची झाडं आहेत. पगार खात्याइतका. शाळा कडोदऱ्याला.

मी घरी आलो तो तरंगतच. फार्मवर रात्रंदिवस काही वाजत नाही. उसाची सळसळ, आणि तीही मला ऐकू येत नाही. उरलेला निम्मा कान वाचणार होता. पोरीचं बोलणं, जेवढं समजतं तेवढं तरी, समजत राहणार होतं. सुंदरालाही खोली आवडली होती, पण ती एवढंच म्हणाली, हातपंपाला पाणी बारमाही आहे का ते विचारा.

दोन महिने मी वेगळा अजगर शोधत फिरलो. ज्याला त्याला निरोप. कुणी धामण दाखवली, कुणी मांडूळ आणून दोन तोंडांचा अजगर म्हणाला. असली माणसं मी उभ्या उभ्या हाकलली. जानेवारीत एक माणूस आला. डांगकडून आलोय म्हणाला. सकाळची थंडी, उधना दरवाजाजवळ ट्रकांची रांग, आणि तिथे फुटपाथवर त्याने पिशवीचं तोंड सैल केलं. मी वाकून पाहिलं आणि माझं काळीज थांबलं. तीन-साडेतीन फुटांचा, जाडजूड, तपकिरी, आणि अंगावर ठिपके कसे, गोल गोल, साखळीसारखे, प्रत्येकाला काळी कड आणि त्याबाहेर पांढरी. तो म्हणाला, अजगराचं पिल्लू आहे, पण असा गोल ठिपक्यांचा हजारात एक. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि शेठचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

तुम्ही म्हणाल, खान्देशातला माणूस, सापवाल्याचा पोरगा, तुला कळलं नाही? ऐका. आमच्याकडे घोणस डोळ्यांनी ओळखत नाहीत, कानांनी ओळखतात. बापाने शिकवलं होतं, अंधारात शिट्टी फुटल्यासारखा आवाज आला की जागेवर उभं राहायचं, ती घोणस. मी लहानपणी दहा वेळा तो आवाज ऐकून उभा राहिलोय. माझ्यासाठी घोणस म्हणजे तो आवाज. आणि त्या सकाळी मला आवाज आला नाही. तो माणूस पिशवीत हात न घालता आकड्याने साप हलवत होता, तेही मी पाहिलं, आणि मनाशी म्हटलं, नवशिका दिसतो. त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला खोली दिसत होती, हातपंप दिसत होता, आणि सापाच्या जागी मला जो हवा होता तोच दिसत होता.

घरी आणून रंगाच्या रिकाम्या पिंपात ठेवला. निळं प्लास्टिकचं पिंप, झाकणाला भोकं पाडलेली, सुंदराने तीनदा धुतलेलं. पिंप खाटेखाली. वर सोनाली आणि आमचा मुलगा चेतन झोपायचे. संध्याकाळी मी झाकण काढून आत हात घातला आणि पाण्याची वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात घातला आणि वाटी काढली. थंडीने तो मरगळलेला होता म्हणून मी आज हे सांगतोय.

त्या दुसऱ्या दिवशी सुंदरा पाळीवरून आली आणि हातपाय धुऊन पिंपाशी बसली. मी म्हटलं, बघ, बघ तुझ्या नवऱ्याने काय आणलंय. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याले रिपीट शे."

म्हणजे याला रिपीट आहे. मी म्हटलं, काय?

ती माझ्या डाव्या कानाशी आली आणि मोठ्याने म्हणाली, याच्या पाठीवर गोलांची एक ओळ आहे, दोन्ही बाजूंना अजून एकेक ओळ. तिन्हीत तोच गोल, तेवढ्याच अंतराने. लाडूला वर्षभर बघितलं, त्याच्यात एक ठिपका दुसऱ्यासारखा नाही. हा स्क्रीनने छापल्यासारखा आहे. आणि मघापासून कुकरसारखा वाजतोय. तुम्हाला ऐकू येत नाही. "हाऊ अजगर नही शे."

मला राग आला. असा आला की शेजारच्या खोलीपर्यंत गेला असेल. मी म्हटलं, अजगरही फुत्कारतो, तुले काय समजस? मी म्हटलं, वेगळा आहे म्हणून तर आणला, वेगळा असला की वेगळाच दिसणार ना. मी म्हटलं, माझ्या बापाने शंभर साप धरले, तुझ्या बापाने एक गांडूळ तरी धरलं का? साड्या तपासणाऱ्या बाईने मला साप शिकवू नये. हे सगळं मी पोरांसमोर बोललो. ती रडली नाही. एरवी एका शब्दाला चार देणारी बाई, पण त्या वेळी उलट एक शब्द बोलली नाही. मी घाबरायला तेवढं पुरेसं होतं, पण मी घाबरलो नाही, मी बरोबर होतो ना.

मग ती म्हणाली, परवा रविवार. प्रिया याला गळ्यात घेईल. खात्री झाल्याशिवाय मी याला जाऊ देणार नाही. "आधी याले खावाले देईसन दखा."

खायला देऊन बघा. बस, एवढंच तिचं मागणं. आणि मला वाटलं, ठीक आहे, बाईचं तोंड बंद होईल. अजगर कसा खातो ते तिनेही फार्मवर वीस वेळा पाहिलं होतं. अजगर उंदीर धरतो तो सोडत नाही. तोंडात धरून लगेच विळखे घालतो, आवळतो, उंदीर गार झाला की मग सावकाश गिळतो. मी म्हटलं, बघशील तू. शनिवारी दुपारी पिंप दारासमोर उन्हात ठेवलं, तासभर तापू दिलं. पोरांना शेजारी लोटूच्या घरी पाठवलं. पिंजऱ्यातला उंदीर शेपटीला धरून आत सोडला आणि दोघं वाकून बघत बसलो.

डोळ्याची पापणी लवली असेल नसेल. त्याने डोकं मारलं आणि सोडून दिलं. सोडून दिलं. विळखा नाही, मिठी नाही, काही नाही. मान मागे घेऊन स्वस्थ बसला. उंदीर दोन पावलं गेला, तिसरं टाकताना लुळा पडला, पाय झाडले आणि संपला. तो तेवढा वेळ थांबून मग सावकाश त्याच्याकडे निघाला.

मी झाकण लावलं. त्यावर पाटा ठेवला. मग खाली बसलो. आधी मला माझा हात दिसला, दोनदा आत गेलेला. मग खाट दिसली. मग प्रिया, तिचा बारीक गळा. मला सगळं एकामागून एक दिसत गेलं आणि मी सुंदराकडे बघू शकलो नाही. ती काय म्हणाली असेल सांगा. मी वाट बघत होतो, म्हण म्हटलं, गांडूळ म्हण, हक्कच आहे. ती माझ्याजवळ बसली, माझा तो हात घेतला, उलटासुलटा करून बघितला, बोटं मोजल्यासारखी दाबून बघितली, आणि पदराने पुसत राहिली. किती वेळ पुसत होती मला माहीत नाही.

संध्याकाळी मी आणि लोटू टेम्पोने ते पिंप घेऊन डुमसच्या पुढे बाभळीच्या ओसाड पट्ट्यात गेलो आणि घोणस सोडून आलो. लोटू म्हणाला, मारून टाक. मी म्हटलं, त्याने काय केलंय, विकत मी घेतला. येताना लोटूने मला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाला, शेठला सांग अजगर मेला. किंवा विकणारा पळाला सांग. खोली हातची घालवू नकोस, कानाचा विचार कर.

मी कानाचाच विचार करत होतो. घरी येऊन सुंदराला विचारलं, काय सांगू? ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, पण त्या पोरीच्या गळ्याशी खेळ होता, तिच्या आईला ते ठाऊक असायला हवं. मग चुलीकडे गेली. भाकरी थापता थापता पाठमोरी म्हणाली असेल काहीतरी अजून, ते मला ऐकू आलं नाही.

रविवारी आम्ही रिकाम्या हाताने फार्मवर गेलो. व्हरांड्यात शेठ, शेठाणी, आणि प्रिया नवा फ्रॉक घालून, नवीन अजगर येणार म्हणून. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं सांगितलं. म्हटलं, शेठ, तुमच्या पैशाने मी घोणस आणली होती. दोन दिवस ती माझ्या पोरांच्या खाटेखाली होती आणि आज ती तुमच्या मुलीच्या गळ्यात असती. मला ओळखता आली नाही. मला आता ऐकू येत नाही हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण काम जाईल. हिने ओळखली. आणि मी हिलाच शिव्या दिल्या. तुमचे पैसे मी फेडीन. येतो.

शेठाणीने प्रियाला ओढून मांडीत घेतलं. शेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं.  मग शेठाणीने सुंदराला विचारलं, बेन, तने केवी रीते खबर पडी? तुला कसं कळलं?

सुंदरा पुढे गेली आणि म्हणाली, तुमचा पदर द्या जरा. शेठाणीने दिला. सुंदराने बोट ठेवून दाखवलं, हा मोर, हे पान, ही वेल, आणि इथून पुन्हा तोच मोर. हे रिपीट. तुमच्या लाडूला हे नाही. त्याला होतं. बस.

ललितभाई कापडात जन्मलेला माणूस. रिपीट म्हटल्यावर त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. त्याने डोकं धरलं. मग माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाला, खोली तयार आहे. पण अजगराचं काम तू करायचं, सुंदराबेन. उखाभाई झाडांना पाणी घालेल, तू सांगशील ते करेल. नवा अजगर आता नको. जो आहे तो तुझ्या नजरेखाली राहील.

सुंदरा म्हणाली, मला फार भीती वाटते सापाची. शेठ म्हणाला, तेच बरं आहे. मी म्हटलं, शेठ, मी पुन्हा आडवा आलो तर तिच्या हातात झाडू आहेच. सगळे हसले, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं. छातीत कुठेतरी दुखेल असं वाटलं होतं. उलट चौदा वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं झालं.

महिन्याभरात आम्ही आलो. हातपंपाला पाणी बारमाही होतं. गेलेला कान परत आला नाही, तो येत नसतोच, पण उरलेला आजपर्यंत आहे. संध्याकाळी सोनाली माझ्या डाव्या बाजूला बसून शाळेतलं सांगायची, हळूहळू, तोंड माझ्याकडे करून. तिने आपणहून ती पद्धत काढली होती. निम्मं कळायचं. निम्मं मी विचारायचो. खोटी मान हलवणं मी सोडून दिलं.

पहिला रविवार मात्र सांगायलाच हवा. प्रिया आली. नेहमीसारखी मला हाक मारून खोलीत धावली नाही. दाराशी थांबली. तिच्यामागे शेठ, शेठाणी, फार्मवरचे दोघं मजूर. आत सुंदरा, पदर खोचलेला, पाठ अजूनही भिंतीला, आणि समोर लाडू पसरलेला. प्रियाने विचारलं, घेऊ? विचारलं ते सुंदराला.

 सुंदरा लाडूकडे बघायला लागली. डोक्यापासून सुरू केलं, सावकाश, ताका सरकावा तसं, मानेवरून पाठीवर, पाठीवरून पुढे, एकेक ठिपका. कुणी घाई केली नाही. दिवसाला लाखाचा माल विकणारा शेठ हात बांधून उभा होता. मी बादली धरून उभा होतो. आमच्या पंधरा वर्षांच्या संसारात या बाईच्या एका शब्दासाठी इतकी माणसं थांबलेली मी पाहिली नव्हती, आणि मी स्वतः तर कधीच थांबलो नव्हतो. माझे डोळे भरून आले. शेपटीच्या टोकापर्यंत जाऊन तिने मान वर केली, पोरीकडे बघितलं आणि काहीतरी हळूच म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पण ओठ दिसले. ती म्हणाली होती, घे.